हवालदार कसा घडतो हे तुम्हाला ठाऊक आहे

पायदळातल्या एका लेफ्टनंट कर्नलांनी विचारलं आहे: सेवेची एकोणीस वर्षं होत आली, कर्नलच्या बढतीसाठीच्या निवड मंडळात, म्हणजे बोर्डात, नाव आलं नाही, घर ठाण्याला घोडबंदर रोडवर, मुलगी आठवीत. वीस वर्षं भरली की मुदतपूर्व निवृत्ती घ्यावी का? फौजेत शिकलेलं नेतृत्व ठाणे-नवी मुंबईतल्या कंपन्यांत चालतं का? आणि तयारी कुठून सुरू करायची?

मी आर्मी सर्व्हिस कोअरमधली, म्हणजे फौजेचं रेशन आणि वाहतूक बघणाऱ्या शाखेतली. शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे ठरावीक वर्षांची सेवा, संपवून मेजर म्हणून बाहेर पडले आणि तेव्हापासून भिवंडी, महापे, न्हावाशेवा या पट्ट्यात गोदामं आणि मालवाहतूक सांभाळते. फौजेतून आलेले अधिकारी मी स्वतः कामावर घेतले आहेत. काही छान रुजले, काही वर्षभरात निघून गेले. का रुजले आणि का गेले, यावरून जे कळलं ते सांगते.

आधी बोर्डाबद्दल. कॅप्टन 2 वर्षांनी, मेजर 6 वर्षांनी, लेफ्टनंट कर्नल 13 वर्षांनी, इथपर्यंतची बढती काळाप्रमाणे येते. कर्नलपासून निवड सुरू होते आणि जागा इतक्या थोड्या असतात की उत्तम अहवाल असलेली माणसंही मागे राहतात. हे तुम्हाला माहीत आहे, पण सोसायटीतल्या शेजाऱ्यांना माहीत नसतं, सासरच्यांना माहीत नसतं, आणि त्यांचे प्रश्न टोचतात. म्हणून सांगते, फ्रेश बोर्डाच्या, म्हणजे निवडीच्या पहिल्या फेरीच्या, निकालानंतर लगेच निवृत्तीचा अर्ज टाकू नका. फर्स्ट रिव्ह्यू आणि फायनल रिव्ह्यू या फेरविचाराच्या पुढच्या दोन संधी बाकी असतील तर त्या होऊ द्या. तेवढ्या काळात राग निवळतो, आणि तयारीलाही वेळ मिळतो. दुखावलेला माणूस मुलाखतीत लगेच ओळखू येतो. ‘तुम्ही सेवा का सोडता आहात’ या साध्या प्रश्नावर तो दहा मिनिटं बोर्डाबद्दल बोलतो, आणि समोरचा मनात म्हणतो, हा आमच्याकडे येतच नाही आहे, तिथून निघतो आहे फक्त.

पैशाचं थोडक्यात. 20 वर्षं हा अधिकाऱ्यांसाठी पेन्शनचा किमान उंबरठा आहे, तो ओलांडल्याशिवाय हलू नका. पण वन रँक वन पेन्शनच्या (समान हुद्दा आणि समान सेवा असेल तर निवृत्ती कधीही झाली तरी समान पेन्शन) 7 नोव्हेंबर 2015 च्या आदेशात, त्यानंतर स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडणाऱ्यांना ती योजना लागू राहणार नाही असं म्हटलेलं आहे. त्यावर न्यायालयीन वाद झाले आहेत, तेव्हा अर्ज करायच्या आठवड्यात ताजी स्थिती तपासा, मित्राच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका. पेन्शनच्या निम्म्यापर्यंतचा भाग कम्यूट करता येतो, म्हणजे त्याबदल्यात एकरकमी पैसे घेता येतात, आणि तो कापलेला भाग 15 वर्षांनी परत सुरू होतो. घराचं कर्ज फेडायला बरेच जण ही एकरकमी पूर्ण घेतात. मी म्हणेन, पहिल्या दोन नोकऱ्या हमखास बदलाव्या लागतात, त्या मधल्या महिन्यांत दरमहा येणारी रक्कम तुम्हाला ताठ ठेवते, तेव्हा हिशोब घाईने करू नका. कंपनीचा सीटीसी, म्हणजे तुमच्यावरचा कंपनीचा एकूण वार्षिक खर्च, वाचताना त्यातला व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेला भाग), कंपनीचा पीएफ हिस्सा आणि ग्रॅच्युइटी वेगळी काढा. हातात येणारा आकडा बराच लहान असतो. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षात खासगी नोकरीसाठी परवानगीचा जो नियम आहे तो तुमच्या हुद्द्याला लागतो का, हेही आधीच लेखी विचारून ठेवा.

आता मुख्य प्रश्न, नेतृत्वाचा.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक फौजी बायोडेटात ‘लीडरशिप’ हा शब्द पहिल्या चार ओळींत असतो. त्याखाली काय असतं? तुकडीचं नेतृत्व केलं, कठीण भागात सेवा केली, प्रशस्तिपत्र मिळालं. सगळं खरं असतं, आणि गोदामाच्या मॅनेजरला त्यातून काहीच कळत नाही. कारण नेतृत्व म्हटलं की आपल्याला आपण स्वतः दिसतो, पुढे चालणारा अधिकारी. फौजेने आपल्याला शिकवलेली सर्वांत मौल्यवान गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिचा उल्लेख मी अजून एकाही बायोडेटात वाचलेला नाही. ती म्हणजे शिपायाचा हवालदार आणि हवालदाराचा सुभेदार कसा घडवायचा.

आठवा. नवा लेफ्टनंट पलटणीत येतो तेव्हा त्याला सलाम ठोकणारे सुभेदार साहेबच त्याला शिकवतात. दहा जणांचा सेक्शन हवालदार चालवतो. तो हवालदार आभाळातून पडलेला नसतो. लान्स नाईक होताना त्याला पारखलेलं असतं, नाईक होताना प्रमोशन कॅडरमध्ये, म्हणजे बढतीआधीच्या प्रशिक्षणात, नकाशा, ड्रिल, हत्यार, शिकवण्याची पद्धत हे सगळं घासून घेतलेलं असतं. त्याची रजेची शिफारस वजनदार असते. त्याच्यासमोर अधिकारी त्याच्या जवानाला परस्पर हुकूम देत नाही. चूक झाली तर त्याला जवानांदेखत झापत नाही. या सगळ्यातून मधली फळी तयार होते, आणि ती आहे म्हणून रात्री दोन वाजता, अधिकारी नसताना, पहाऱ्यावरचा संत्री जागा असतो.

बाहेर ही फळी बहुतेक ठिकाणी नाहीच. भिवंडीच्या गोदामात पिकिंगला, म्हणजे ऑर्डरप्रमाणे माल काढायला, ज्याचा हात चालतो त्या पोराला एका सोमवारी सांगतात, आजपासून तू सुपरवायझर. काल ज्यांच्याबरोबर डबा खाल्ला त्यांच्याकडून त्याने आज काम करून घ्यायचं. कसं, ते कुणी शिकवत नाही. पगारातला फरक किरकोळ. वरून मॅनेजर ओरडतो, खालून पोरं ऐकत नाहीत, आणि मॅनेजर स्वतः फ्लोअरवर येऊन त्याला ओलांडून थेट लोडरला कामं सांगतो. काही महिन्यांत तो पलीकडच्या गेटला नोकरी धरतो. मग दुसरा पोरगा. कंपनी म्हणते, चांगली माणसं मिळत नाहीत.

तुम्ही इथे उपयोगी पडता. आम्ही महाप्याला हेच केलं. सुपरवायझर नेमण्याआधी त्याला काही आठवडे दुसऱ्या अनुभवी सुपरवायझरच्या हाताखाली ठेवलं. शिफ्ट सोपवताना दोघांनी मिळून फ्लोअर फिरून वहीत सही करायची, म्हणजे ड्यूटी हँडओव्हरच. त्याच्या माणसांची रजा त्याच्या शिफारशीशिवाय मंजूर होणार नाही, हे लेखी केलं. मॅनेजरांना सांगितलं, त्याच्या माणसाला काही सांगायचं असेल तर त्याच्यामार्फत. वरच्या पायऱ्या ठरवल्या: कनिष्ठ, वरिष्ठ, मग शिफ्ट इन्चार्ज, आणि प्रत्येक पायरीला काय यायला हवं ते भिंतीवर लावलं. त्याला बसायला टेबल-खुर्ची दिली. हे शेवटचं क्षुल्लक वाटेल, पण स्वतःचा कागद ठेवायला जागा नसलेला माणूस इन्चार्ज असल्यासारखा वागत नाही.

पगारातला फरक वाढवायला फायनान्सने आधी नकार दिला. अशा वेळी ‘मोराल’ हा शब्द वापरू नका, त्यांच्या वहीत त्याला रकाना नाही. त्यांना मांडून दाखवायचं असतं की एक सुपरवायझर सोडून गेला की भरतीचा खर्च किती, नवा तयार होईपर्यंत चुकीचे डिस्पॅच किती, आणि माल वेळेत न उतरल्यामुळे शिपिंग लाइनचे मोफत दिवस उलटून कंटेनरवर डिटेन्शन, म्हणजे उशिराचा आकार, किती लागला. आम्ही तसंच मांडलं आणि मंजुरी मिळाली. फौजेत आपण वर्षाला मिळालेलं बजेट खर्ची घालतो, इथे प्रत्येक रुपया परत काय आणतो हे विचारलं जातं. नफा-तोटा पत्रक आणि ताळेबंद वाचता येणं ही तुमची पहिली शिकण्याची गोष्ट. डीजीआर म्हणजे पुनर्वसन महासंचालनालय वेगवेगळ्या आयआयएममध्ये अधिकाऱ्यांसाठी साधारण 24 आठवड्यांचे व्यवस्थापन अभ्यासक्रम चालवतं, फीचा मोठा भाग शासन भरतं. जागा मिळत असेल तर सोडू नका, आणि तिथे स्ट्रॅटेजीच्या भाषणांपेक्षा अकाउंटिंगचे तास जास्त मन लावून करा.

दुसरी अडचण अधिकाराची. बटालियनमध्ये सुमारे आठशे माणसं आणि ती सगळी तुमची. त्यांचं जेवण, रजा, मुलांची शाळा, गावाकडचा जमिनीचा वाद, सगळं तुमच्या टेबलावर. आमच्या गोदामाच्या एका बेवर, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या जागेवर, उभी असलेली सहा माणसं कधी कधी चार मालकांची असतात. एक कंपनीचा, दोन कंत्राटदाराचे, दोन माथाडी टोळीतले, एक ट्रान्सपोर्टरचा ड्रायव्हर. त्यातल्या एकालाच तुम्ही कागदोपत्री काही सांगू शकता, आणि गाडी वेळेत सुटायला सहाही जण लागतात.

माथाडींचं नीट समजून घ्या, कारण ठाणे-नवी मुंबईत काम करायचं तर ते समजल्याशिवाय चालत नाही. 1969 चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम हा अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून आलेला कायदा आहे. नोंदणीकृत मालक मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम, माथाडी मंडळाकडे भरतो, मंडळ कामगाराला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, बोनस वगैरे देतं. टोळीचा मुकादम असतो आणि बोलणं त्याच्याशी करायचं असतं. बाहेरून आलेले बरेच मॅनेजर याला कटकट समजतात. तुम्ही समजू नका. पाठीवर गोणी वाहणाऱ्या माणसाला म्हातारपणी चार पैसे मिळावेत म्हणून उभी राहिलेली ही व्यवस्था आहे. मुकादमाला आदल्या संध्याकाळी उद्याच्या गाड्या सांगा, लेव्ही वेळेवर भरा, पिण्याचं पाणी आणि सावली द्या. जुना मुकादम अनुभवाने सुभेदार साहेबांच्या तोडीचा असतो आणि मान दिला की तसाच साथ देतो. तुमच्यातल्या पायदळाच्या अधिकाऱ्याला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही, फक्त कंपनीच्या एसी केबिनमध्ये बसल्यावर ते विसरू नका.

कंत्राटी मुलांचंही तसंच. अधिकार नसला तरी त्यांचा पीएफ खरोखर भरला जातो का हे तुम्ही कंत्राटदाराला विचारू शकता. बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का हे बघू शकता. रात्रपाळी सुटल्यावर रबाळे स्टेशनपर्यंत गाडी मिळते का, हे बघू शकता. फौजेत आपण रात्री लाइन्समध्ये, म्हणजे जवानांच्या बराकीत, चक्कर मारायचो, तशी कधी तरी पहाटेच्या शिफ्टला जा. माणसं तुमचं ऐकायला लागतात ती यातून, आणि इथे दुसरा रस्ता नाही. खांद्यावरचे तारे निम्मं काम करून द्यायचे, ते आता तुम्हालाच करायचं आहे.

इथेच काही जण अडकतात. ‘सिव्हिलियन लोकांना शिस्त नाही’ हे वाक्य ज्यांच्या तोंडून पहिल्या महिन्यात ऐकलं, ते बहुधा टिकले नाहीत. दिव्याहून किंवा कळव्याहून गर्दीच्या लोकलला लोंबकळत, ठाण्याला गाडी बदलून, घणसोलीला वेळेवर हजर होणाऱ्या मुलाला शिस्त शिकवायची गरज नसते. तो दोन हजार जास्त मिळाले म्हणून दुसरीकडे गेला तर ती गद्दारी नाही, त्याचं घर त्या दोन हजारांवर चालतं. आणि तुमचा वरिष्ठ पस्तिशीचा एमबीए असेल, तुम्हाला नावाने हाक मारेल. त्याच्याकडे बाजाराचं जे ज्ञान आहे ते तुमच्याकडे नाही. ते घ्या, मनापासून घ्या.

फौजेतलं जे जसंच्या तसं चालतं ते नियोजन. लेहमध्ये असताना आमचं वर्ष उलटं चालायचं. झोजीला आणि रोहतांग बर्फाने बंद झाले की रस्ता संपला, म्हणून हिवाळ्याचं रेशन, रॉकेल, तेल सगळं उन्हाळ्याच्या महिन्यांत वर चढवायचं, अॅडव्हान्स विंटर स्टॉकिंग. (रोहतांगखालचा अटल बोगदा 2020 मध्ये सुरू झाला, त्याआधीची ही गोष्ट.) खिंड कधी बंद होईल इथून सुरुवात करून मागे मोजत यायचं, आणि वाटेत दरड पडणार हे धरूनच. दिवाळीआधीचा मालाचा लोंढा मी त्याच पद्धतीने मांडते. अवजड वाहनांना बंदीच्या वेळा, मुंब्रा बायपास दुरुस्तीला बंद झाला तर काय, शिळफाट्याला गाड्या अडकल्या तर काय, बंदरातून कंटेनर उशिरा निघाला तर काय. कंपन्यांत योजना हुशारीने करतात, पण ‘आणि हे बिघडलं तर?’ हा प्रश्न आपल्याइतक्या सवयीने कुणी विचारत नाही. हुकूम देण्याची आपली पद्धतही तशीच आणा: परिस्थिती, उद्दिष्ट, कोण काय करणार, सामान-सोय, संपर्क, आणि शेवटी ऐकणाऱ्याकडून परत म्हणवून घेणं. आवाज मात्र हुकमाचा नको. बैठकीत लोक मान डोलावतात आणि पाच जण पाच वेगळ्या गोष्टी करतात, हे थांबवण्यासाठी एवढं पुरतं.

बायोडेटात हे लिहा. ‘कंपनी कमांड केली’ याऐवजी: सुमारे 120 माणसं, इतकी वाहनं, इतक्या किमतीची सामग्री, इतक्या महिन्यांत इतके नाईक-हवालदार तयार केले आणि त्यांच्यातले इतके पुढे बढतीला पात्र झाले. युनिटचं नाव, ठिकाण आणि गोपनीय काहीही नको. पदकांची एक ओळ पुरे.

कामं कुठे आहेत? भिवंडीची गोदामं आणि न्हावाशेव्याचे कंटेनर फ्रेट स्टेशन (जिथे कंटेनर भरतात-रिकामे करतात) तुम्हाला जवळचे वाटतील. ऐरोली-महापे-रबाळे पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये सिग्नल्स (फौजेची दळणवळण शाखा) आणि ईएमई (यंत्रं दुरुस्त करणारी शाखा) यांतले चांगले जमतात, पायदळवाल्यालाही तिथल्या चोवीस तासांच्या ऑपरेशन्समध्ये जागा असते. उलव्याकडे नवी मुंबई विमानतळ 2025 च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन होऊन डिसेंबरपासून सुरू झाला, त्याच्या भोवती कार्गोचं काम उभं राहतं आहे. मोठी रुग्णालयं प्रशासनासाठी फौजी अधिकारी घेतात. घोडबंदरच्या मोठ्या संकुलांत इस्टेट मॅनेजर म्हणूनही विचारणा होईल, घरापासून पाच मिनिटं म्हणून मोह पडेल. तिथे तीनशे मालकांची मर्जी सांभाळावी लागते, मी तरी पहिली नोकरी म्हणून ती सुचवणार नाही.

सुरक्षा विभागाची ऑफर सर्वांत आधी येईल, कारण फौजी म्हणजे सिक्युरिटी असं लोकांच्या डोक्यात बसलं आहे. काम सन्मानाचं आहे, ज्याला आवडतं त्याने जरूर करावं. करायचं तर 2005 चा खासगी सुरक्षा एजन्सी कायदा आणि आपल्या राज्याचा 1981 चा सुरक्षा रक्षक अधिनियम, ज्याखाली बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्याचं मंडळ आहे, दोन्ही वाचून जा. पण केवळ पहिली आली म्हणून घेऊ नका. एकदा त्या रकान्यात नाव गेलं की ऑपरेशन्सकडे वळणं अवघड होतं.

घरचं मी फार बोलणार नाही, फक्त एवढंच की मुलगी आठवीत असताना एका शहरात स्थिर होणं हा मोठा लाभ आहे आणि तो पगाराच्या तक्त्यात दिसत नाही. पत्नीने इतकी वर्षं बदल्यांमागे स्वतःचं काम बाजूला ठेवलं असेल तर निर्णयात त्यांचं मत अर्धं धरा. आणि ठाणे ते महापे अंतर नकाशावर बघू नका, सकाळी साडेआठला स्वतः जाऊन बघा.

पुढच्या वार्षिक रजेत हे करा. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन भेटा आणि डीजीआरच्या नोंदणीला कोणते कागद लागतील ते लिहून आणा. तुमच्या रेजिमेंटमधून बाहेर पडलेल्या तीन-चार जणांना भेटा, त्यांतला एक तरी असा शोधा ज्याने पहिली नोकरी सोडली, आणि त्याला का सोडली ते विचारा. ओळखीने भिवंडीच्या एखाद्या गोदामात शिफ्ट बदलायच्या वेळी जाऊन उभे राहा. मॅनेजरशी बोलायची घाई करू नका, सुपरवायझर काय करतो आहे ते अर्धा तास बघा. त्याला काय शिकवावं लागेल याची यादी तुमच्या मनात आपोआप तयार व्हायला लागली, तर रिव्ह्यू बोर्डाचा निकाल काहीही लागो, या कामात तुम्हाला जागा आहे. ती यादी कागदावर उतरवून मुलाखतीला घेऊन जा.